दरावर वाद, व्याख्येवर धंदा

आयात शुल्क वाढले की संसदेत आणि वाहिन्यांवर चर्चा रंगते ती टक्क्यांची. दहाचे पंधरा का केले? केलेच होते तर पंचवीस का नाही? कंपन्यांमध्ये त्याच दिवशी अधिसूचना वाचली जाते ती मात्र शेवटच्या पानापासून. शुल्कयादीतल्या कोणत्या शीर्षकाखालचा माल यात येतो, ‘उत्पादन’ कशाला म्हटले आहे, सूट किती आकारमानापर्यंत आहे, मुदत कधी संपते, हे आधी पाहिले जाते. दर किती हे सरकार ठरवते, पण तो नेमका कोणाला लागेल हे बऱ्याच अंशी या बारीक अक्षरांतल्या मजकुरावर ठरते. पुढे धोरण फसले की ‘कंपन्यांनी पळवाट काढली’ असे म्हणून सगळे मोकळे होतात. यात कंपन्यांचा दोष नसतो असे नाही. पण कंपनी नफ्याचा हिशेब मांडणार हे काही गुपित नाही, आणि ते गृहीत न धरता लिहिलेले धोरण मुळातच अर्धवट असते. दरापेक्षा व्याख्या, मर्यादा आणि मुदत यांवर जास्त भांडायला हवे.

अमेरिकेतल्या व्हॅनचा किस्सा या बाबतीत पुरेसा बोलका आहे. 1960 च्या दशकाच्या सुरुवातीला युरोपीय आर्थिक समुदायाने अमेरिकेतून येणाऱ्या स्वस्त कोंबडीवर शुल्क चढवले. उत्तरादाखल अमेरिकेने बटाट्याचा स्टार्च, डेक्स्ट्रिन, ब्रँडी आणि हलके ट्रक यांवर 25 टक्के शुल्क लावले, ते 1964 पासून लागू झाले. बाकीच्या वस्तू यथावकाश त्यातून सुटल्या, ट्रक मात्र अडकला तो अडकलाच. प्रवासी मोटारीवर 2.5 टक्के आणि मालवाहू वाहनावर 25 टक्के, अशी दहापटीची दरी पुढे कित्येक दशके राहिली.

एवढी दरी असल्यावर अभियंते आणि वकील कामाला लागणारच. 1970 च्या दशकात जपानी कंपन्या मागचा हौदा न बसवता नुसती केबिन आणि सांगाडा पाठवत. अशा अपुऱ्या वाहनावर 4 टक्के शुल्क होते, आणि हौदा अमेरिकेत उतरल्यावर बसवला की काम झाले. 1980 मध्ये वर्गीकरण बदलून ही वाट बंद केली गेली. सुबारूने ‘ब्रॅट’च्या उघड्या हौद्यात मागे तोंड करून बसायच्या दोन खुर्च्या ठोकल्या आणि गाडी प्रवासी ठरवून घेतली. फोर्डने 2009 ते 2013 या काळात तुर्कस्तानात बनलेल्या ‘ट्रान्झिट कनेक्ट’ व्हॅन मागच्या आसनांसह, पट्ट्यांसह, खिडक्यांसह आणल्या. बाल्टिमोरला सीमाशुल्काचे सोपस्कार उरकले की मागची आसने काढली जात, आणि व्हॅन मालवाहू म्हणून विकली जाई.

आता हिशेब पाहा. वीस हजार डॉलर किमतीच्या वाहनावर 2.5 टक्क्यांनी 500 डॉलर होतात, 25 टक्क्यांनी 5,000. मधले 4,500 डॉलर वाचवायला काही शे डॉलरची आसने बसवून पुन्हा काढून टाकणे कोणत्याही खर्च-लेखापालाला परवडणारेच वाटेल. सीमाशुल्क खात्याने 2013 मध्ये आक्षेप घेतला. 2017 मध्ये व्यापार न्यायालयाने फोर्डच्या बाजूने कौल दिला, 2019 मध्ये अपील न्यायालयाने तो फिरवला, आणि 2024 मध्ये 36.5 कोटी डॉलर भरून कंपनीने प्रकरण मिटवले. म्हणजे एका व्याख्येवर साधारण दशकभर कज्जा.

यात चुकले काय? दोन दरांमधली दरी प्रचंड होती. वर्गीकरण अशा गोष्टीवर टेकवले होते की जी पान्याने काढता येते. आणि पारख बंदरात, त्या एका क्षणी होत होती, नंतर गाडीचे काय झाले हे पाहिले जात नव्हते. या तीनपैकी एक गोष्ट जरी वेगळी असती तरी आसनांचा खेळ परवडला नसता. गंमत म्हणजे याच शुल्काने एक खराखुरा कारखानाही उभा केला. मर्सिडीझची ‘स्प्रिंटर’ व्हॅन जर्मनीत पूर्ण बांधून, मग सुटी करून अमेरिकेत पाठवली जाई आणि साउथ कॅरोलायनात पुन्हा जोडली जाई. हा द्राविडी प्राणायाम वर्षानुवर्षे केल्यावर कंपनीने 2018 मध्ये तिथे संपूर्ण उत्पादनाचा प्लांट सुरू केला. शुल्कामुळे गुंतवणूक येते हे म्हणणे खोटे नाही. फक्त ती कोणत्या रूपात आणि किती दशकांनी येईल हे शुल्काच्या दरावरून सांगता येत नाही.

मर्यादा कशात मोजली जाते यावरही सगळे फिरते. 1981 मध्ये अमेरिकेच्या दबावाखाली जपानने आपल्या मोटारींची निर्यात ‘स्वेच्छेने’ वर्षाला 16 लाख 80 हजारांवर रोखली. डेट्रॉइटला, म्हणजे अमेरिकी मोटार कंपन्यांना, सावरायला उसंत मिळावी हा हेतू होता. पण मर्यादा नगांवर होती, किमतीवर नव्हती. नग ठरलेलेच असतील तर प्रत्येक नगामागे जास्त नफा काढायचा, हे ओघानेच आले. जपानी कंपन्यांनी मोठ्या, महाग, जास्त सोयींच्या गाड्या पाठवायला सुरुवात केली. होंडाने 1986 मध्ये ‘ॲक्युरा’ आणली, टोयोटाने आणि निसानने 1989 मध्ये ‘लेक्सस’ आणि ‘इन्फिनिटी’. छोट्या गाड्यांत मार खाणाऱ्या डेट्रॉइटला आता महागड्या गाड्यांतही प्रतिस्पर्धी मिळाले. शिवाय अमेरिकेत बांधलेली गाडी मर्यादेत मोजली जात नसल्याने ओहायो, टेनेसी, केंटकी इथे जपानी कारखाने उभे राहिले. अमेरिकी कामगारांच्या दृष्टीने यात फायदाही झाला. पण ज्यांना वाचवायला निघाले होते त्या कंपन्यांच्या दृष्टीने हे धोरण उलटलेच.

व्यापार करारांतले उगम-नियम, म्हणजे माल नेमका कोणत्या देशाचा मानायचा याचे नियम, हा सगळ्यात रुक्ष आणि म्हणूनच सगळ्यात कमी वाचला जाणारा भाग. अमेरिका, मेक्सिको आणि कॅनडा यांच्यात 2020 मध्ये लागू झालेल्या करारात मोटारीच्या मूल्यातला या प्रदेशातला वाटा 62.5 वरून टप्प्याटप्प्याने 75 टक्क्यांवर नेला गेला. त्यातही मोटारींच्या बाबतीत 40 टक्के आणि ट्रकच्या बाबतीत 45 टक्के मूल्य तासाला किमान 16 डॉलर मजुरी देणाऱ्या कारखान्यांतून यावे, अशी अट जोडली. कागदावर नियम कडक झाला. पण कंपनीपुढे दोन पर्याय असतात: अट पाळून शून्य शुल्कात माल आणा, किंवा अट सोडून सर्वसाधारण शुल्क भरा. तीस हजार डॉलरच्या मोटारीवर 2.5 टक्के म्हणजे 750 डॉलर. सुटे भाग बदलून 75 टक्के गाठायला मोटारीमागे समजा 900 डॉलर लागत असतील, तर 750 भरून मोकळे होणे शहाणपणाचे. त्याच किमतीच्या पिकअप ट्रकवर मात्र शुल्क 7,500 डॉलर होते, तिथे कंपनी निमूटपणे अट पाळते. अट तीच, पण मागे उभा असलेला दंड वेगळा, म्हणून ती एका वाहनाला चावते आणि दुसऱ्याला नाही. एप्रिल 2025 मध्ये अमेरिकेने मोटारींवर 25 टक्के जादा शुल्क लावले आणि करारात बसणाऱ्या गाड्यांना त्यातल्या अमेरिकी भागांपुरती सूट दिली, तेव्हा मोटारींचेही गणित एका रात्रीत पालटले. कराराच्या मजकुरातले एक अक्षरही त्यासाठी बदलावे लागले नव्हते.

अट पाळायचे ठरवले तरी ती टिकवणे सोपे नसते. समजा एका वस्तूचा खर्च 100 आहे आणि त्यात प्रदेशाबाहेरचे भाग 24 चे. वाटा 76 टक्के झाला, अट पूर्ण. आता बाहेरच्या देशाचे चलन 10 टक्क्यांनी वधारले. तेच भाग 26.4 ला पडतात, एकूण खर्च 102.4 होतो आणि वाटा 74.2 वर येतो. कारखान्यात एक स्क्रूही बदललेला नाही, तरी माल ‘परका’ झाला. म्हणून जाणकार कंपन्या नेमके 75 गाठून थांबत नाहीत, चार-पाच टक्क्यांचे अंतर राखतात. ते अंतर राखायलाही पैसे पडतात. पुरवठादाराने आपला उप-पुरवठादार न सांगता बदलला तर तीच गत. प्रत्येक भागाचे घोषणापत्र गोळा करायचे, वर्षानुवर्षे जपायचे, तपासणी आली की दाखवायचे. एका खेपेच्या कागदपत्रांना 50 डॉलर पडतात आणि सवलत 3 टक्क्यांची आहे असे धरले, तर सुमारे 1,667 डॉलरपेक्षा लहान खेपेला सवलत मागण्यातच तोटा. करार सगळ्यांसाठी होतो, पण वापरतात मोठे, तक्रार राहते ती लहान निर्यातदारांची.

मुदतीबद्दल तर सरकारे कमालीची बेफिकीर असतात. कारखाना वीस वर्षांचा असतो, अनुदान पाच वर्षांचे, आणि सरकारची शाश्वती पुढच्या निवडणुकीपर्यंत. यातून किती पैसा वाया जातो तो मोजता येतो. शंभर कोटींच्या गुंतवणुकीवर पाच वर्षे दरवर्षी 6 कोटींचे अनुदान जाहीर झाले आहे असे धरू. कागदावर 30 कोटी. आठ टक्के दराने आजचे मूल्य काढले तर सुमारे 24 कोटी. आता कंपनीला वाटते की योजना दरवर्षी टिकण्याची शक्यता 80 टक्केच आहे. तर तिच्या हिशेबात ते सुमारे 13.3 कोटी उरतात. योजना शेवटपर्यंत चालली तर तिजोरीतून पूर्ण रक्कम जाते, पण गुंतवणुकीचा निर्णय मात्र तेरा कोटींच्या आमिषावर घेतला गेलेला असतो. अनुदान दुप्पट करण्यापेक्षा ते टिकेल याची खात्री दिली तर काम स्वस्तात होते. पण खात्री देणे राजकारण्यांना आवडत नाही, रक्कम जाहीर करणे आवडते.

अमेरिकेत विजेवर चालणाऱ्या नव्या मोटारीच्या ग्राहकाला मिळणारी 7,500 डॉलरपर्यंतची करसवलत 2022 च्या कायद्याने 2032 च्या अखेरपर्यंत दिली होती. 2025 च्या कायद्याने ती त्याच वर्षी 30 सप्टेंबरला संपली. सवलत योग्य होती की नव्हती हा वेगळा वाद. पण तिच्या भरवशावर बॅटरीचे कारखाने आखणाऱ्यांनी पुढच्या वेळी सरकारी मुदतीला काय किंमत द्यावी?

स्पेनने मर्यादा आणि मुदत या दोन्ही चुका एकाच क्षेत्रात करून दाखवल्या. 2004 च्या आदेशात 100 किलोवॉटपर्यंतच्या सौर प्रकल्पाच्या विजेला त्यापेक्षा मोठ्या प्रकल्पाच्या जवळपास दुप्पट दर होता. साहजिकच मोठमोठी सौर शेते कागदोपत्री 100-100 किलोवॉटच्या तुकड्यांत विभागली गेली. 2007 मध्ये नवा आदेश आला, 25 वर्षांच्या चढ्या दराची हमी घेऊन. लक्ष्य होते सुमारे 400 मेगावॉट. लक्ष्याजवळ पोहोचल्यावर या दराचे दार 2008 च्या सप्टेंबरअखेर बंद होणार हे कळताच एकच झुंबड उडाली आणि त्या एका वर्षात अडीच हजारांहून जास्त मेगावॉट बसवले गेले. घाईत जे मिळेल ते, जिथे मिळेल तिथे. पुढे बोजा झेपेना तेव्हा 2010 पासून आणि विशेषतः 2013 मध्ये सरकारने आधीच उभ्या प्रकल्पांचेही उत्पन्न कापले, आणि परदेशी गुंतवणूकदारांनी आंतरराष्ट्रीय लवादांपुढे दाव्यांची रांग लावली. दर थोडा कमी असता, क्षमता वाढेल तसा तिमाहीगणिक आपोआप उतरत गेला असता, आणि कड्यासारख्या मर्यादेऐवजी उतार असता, तर यातले बरेच टळले असते.

कराच्या बाबतीत हीच कथा आणखी अमूर्त होते. 130 हून अधिक देशांनी 2021 मध्ये मान्य केलेल्या आराखड्यानुसार 75 कोटी युरोंहून जास्त उलाढाल असलेल्या बहुराष्ट्रीय समूहांवर प्रत्येक देशात किमान 15 टक्के परिणामी कर, म्हणजे सवलती वगैरे धरून नफ्यावर प्रत्यक्ष पडणारा कर, बसायला हवा. ‘किमान 15’ एवढे मथळ्यात आले. खरी मेख सवलतीच्या वर्गीकरणात आहे. नफा 100, कर 20, सरकारने दिलेली करसवलत 8. सवलत साधी असेल तर ती करातून वजा होते: 100 वर 12, म्हणजे 12 टक्के, आणि वरचे 3 टक्के भरावे लागतात. पण तीच सवलत ‘चार वर्षांच्या आत रोख परत मिळण्याजोगी’ असेल तर ती उत्पन्नात धरली जाते: 108 वर 20, म्हणजे 18.5 टक्के, आणि वर काही भरावे लागत नाही. सरकारच्या खिशातून गेले तेवढेच, कंपनीला मिळाले तेवढेच. आयर्लंडने आपली संशोधनावरची करसवलत 2022 मध्येच या चौकटीत बसेल अशी बदलून घेतली, आणि ते रास्तच केले. कराच्या दरावरून देशांमधली स्पर्धा थांबावी म्हणून नियम केला, तर स्पर्धा रोख सवलतींकडे वळली. ती तुलनेने उघड आणि मोजता येण्याजोगी आहे, म्हणून मला ती वाईट वाटत नाही. पण स्पर्धा संपली असे कोणी समजू नये.

आता कंपन्यांच्या बाजूने. फटीवर उभारलेले धोरण फट बुजली की कोसळते, हे संचालक मंडळांना ठाऊक असते, तरी तिमाही निकालांच्या नादात विसरले जाते. 2018 मध्ये अमेरिकेच्या पोलाद-शुल्काला उत्तर म्हणून युरोपीय संघाने अमेरिकी मोटारसायकलींवरचे शुल्क 6 वरून 31 टक्के केले. हार्ले-डेव्हिडसनने गाडीमागे सरासरी 2,200 डॉलरचा बोजा पडेल असे सांगत युरोपसाठीचे उत्पादन अमेरिकेबाहेर हलवायचे ठरवले, आणि थायलंडमधून गाड्या पाठवू लागली. बेल्जियमच्या अधिकाऱ्यांनी त्या थायलंडच्याच असल्याचा निर्णयही दिला. पण युरोपीय नियमांत एक कलम आहे: उपाययोजना टाळण्याच्या मुख्य हेतूनेच उत्पादन हलवले असेल, तर ते आर्थिकदृष्ट्या समर्थनीय मानले जात नाही. त्या आधारे 2021 मध्ये निर्णय मागे घेतला गेला, आणि 2024 मध्ये युरोपच्या सर्वोच्च न्यायालयानेही ते उचलून धरले. कंपनीच्या विरोधात काय उभे राहिले? अमेरिकेच्या रोखे आयोगाकडे तिने स्वतःच दाखल केलेले 2018 चे निवेदन, ज्यात शुल्काचा भार टाळण्यासाठी उत्पादन हलवत असल्याचे स्वच्छ लिहिले होते. गुंतवणूकदारांना जे सांगावेच लागते तेच सीमाशुल्काच्या खटल्यात अंगाशी येते. म्हणून उत्पादन हलवायचे असेल तर बाजारपेठेची जवळीक, मजुरी, पुरवठा यांच्या आधारावर तो निर्णय आपल्या पायावर उभा राहतो का, हे सवलतीचा रकाना शून्य धरून आधी तपासावे. त्या रकान्याशिवाय ताळेबंद जमत नसेल, तर तो कारखाना सरकारचा आहे, भांडवल फक्त आपले.

यावर एक रास्त आक्षेप घेतला जाईल. व्याख्या जितक्या बारीक, तितका वकिलांचा धंदा जोरात, आणि व्याख्या लिहिण्याच्या बैठकांना हजर राहतात ते मोठ्या कंपन्यांचेच प्रतिनिधी. हे खरे आहे. म्हणूनच पहिला इलाज व्याख्या वाढवणे हा नाही, दोन दरांमधली दरी कमी करणे हा आहे. दरी 2.5 आणि 6 ची असती तर आसने काढण्याचा खटाटोप कोणी केला नसता. दुसरे, मर्यादा आकडे पाहून ठरवावी. युरोपच्या सीमेवरच्या कार्बन आकाराचे, म्हणजे माल बनवताना झालेल्या कार्बन उत्सर्जनावर आयातदाराला लागणाऱ्या शुल्काचे, यात कौतुक करावे लागेल; त्याचा आकारणीचा टप्पा 2026 पासून सुरू झाला. वर्षाला 50 टनांपर्यंत पोलाद, ॲल्युमिनियम, सिमेंट, खते आणणाऱ्याला त्यातून वगळले. त्यामुळे सुमारे 90 टक्के आयातदार सुटले आणि तरी सुमारे 99 टक्के उत्सर्जन पकडीत राहिले. आकडेवारी आधी मांडून मग रेघ ओढली की असे होते.

पण त्याच आकारात पुढची कसोटी दडलेली आहे. समजा एका कंपनीच्या पोलादाच्या दोन गिरण्या आहेत, एक टनभर पोलादामागे अर्धा टन कार्बन डायऑक्साइड सोडणारी, दुसरी दोन टन. आकार प्रत्येक प्लांटच्या उत्सर्जनावर मोजला तर कंपनी स्वच्छ गिरणीचा माल युरोपला धाडेल, दुसरीचा इतरत्र. एकूण उत्सर्जन जैसे थे, आणि कर मात्र कमी. कंपनीची सरासरी धरली तर ही अदलाबदल निरुपयोगी होते, पण मग एकच गिरणी सुधारणाऱ्याचे बक्षीसही पातळ होते. माझा कल सरासरीकडे आहे: निदान ज्या समूहांचे प्लांट अनेक आहेत आणि जे युरोपला थोडाच माल विकतात त्यांच्यापुरता तरी. शिवाय पोलादावर आकार आणि पोलादाच्या यंत्रावर नाही, ही फट डिसेंबर 2025 मध्ये युरोपीय आयोगाने आणखी सुमारे 180 उत्पादने यात घेण्याचा प्रस्ताव आणून बुजवायला घेतली आहे. त्या यादीत कोणते शीर्षक येते आणि कोणते गळते यावर पुढच्या काही वर्षांत कोणता कारखाना कुठे उभा राहील हे ठरेल, आणि त्या यादीवर मथळे फारसे होणार नाहीत.